उतारवयात झोप मोडते तेव्हा: खान्देशातल्या घरांसाठी पायरीपायरीनं मार्गदर्शन

साठी ओलांडलेलं माणूस "माले रातले झोपच लागत नही" म्हणालं, की घरातून बहुधा दोनपैकी एक उत्तर येतं. "आता वय झालं, चालायचंच," किंवा मग "थांबा, मेडिकलवरून गोळी आणतो." पहिल्या उत्तरानं त्रास आहे तिथंच राहतो, दुसऱ्यानं घरात नवा त्रास शिरतो. या दोन्हींच्या मधे करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. ज्यांना हा त्रास नव्यानं सुरू झालाय त्यांच्यासाठी हा लेख आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या घरांत आबा किंवा जिजी रात्रभर कूस बदलत पडतात, तिथल्या लेकासुनांनीही तो वाचावा.

एक गोष्ट आधीच सांगते. झोप कमी पडली की माणूस ती भरून काढायला जास्त वेळ अंथरुणात पडून राहतो. लवकर आडवं व्हायचं, सकाळी उशिरापर्यंत लोळायचं, दुपारीही पाठ टेकायची. झोपेचं सर्वांत जास्त नुकसान यानंच होतं. खालच्या पायऱ्यांत चौथी पायरी त्यावरच आहे आणि एवढ्या सगळ्यांत एकच करायची ठरली तर ती करा.

पायरी 1: हा आजार आहे की नुसता बदल, ते बघा

वयाबरोबर झोप बदलते. गाढ झोपेचा वाटा कमी होतो, झोप सावध होते, रात्रीत दोन-तीनदा जाग येते. शरीराचं घड्याळही अलीकडे सरकतं, म्हणजे संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. झोपेची गरज मात्र फारशी घटत नाही. पासष्टीनंतरही साधारण 7 ते 8 तास लागतात, काहींचं थोड्या कमीतही भागतं.

आता गावाकडचा हिशोब मांडा. सातला जेवण, आठला आडवं, साडेआठला डोळा लागला आणि पहाटे साडेतीनला जाग आली. झाले की सात तास! या माणसाची झोप पुरी झालेली असते, त्रास फक्त एवढाच की सगळं घर झोपलेलं असताना तो एकटा जागा असतो. त्याला औषध लागत नाही, झोपायची वेळ पुढं न्यायला लागते.

खरी कसोटी दिवसाची आहे. दिवसभर अंगात तरतरी असेल, चिडचिड नसेल, बसल्या बसल्या मान पडत नसेल, तर काळजी सोडा. पण आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप बिघडते, दिवस त्यामुळं खराब जातो आणि हे तीन महिने चाललंय, असं असेल तर त्याला डॉक्टर दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. तीन महिने भरेपर्यंत वाट बघायची मात्र गरज नाही.

पायरी 2: दोन आठवडे नोंद ठेवा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला रोजचा चौकोन पुरतो. रोज सकाळी लिहायचं: अंथरुणात किती वाजता पडलो, अंदाजे किती वेळानं डोळा लागला, रात्री कितीदा उठलो, सकाळी किती वाजता अंथरूण सोडलं, दिवसा किती वेळ झोपलो. शेवटचा चहा कधी घेतला तेही टिपा. आजोबांना लिहायचा कंटाळा असेल तर नातवाला सांगा, मुलं हे काम आवडीनं करतात.

रात्री उठून घड्याळ बघायचं नाही. सगळं सकाळी अंदाजानं लिहायचं. "दोन वाजले, अजून झोप नाही" हा विचारच पुढचा तासभर जागं ठेवतो. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत टांगा आणि मोबाइल हाताच्या अंतरावर ठेवू नका.

नोंद झाली की बऱ्याच घरांत आश्चर्याचा धक्का बसतो. "रात्रभर जागा होतो" म्हणणारा माणूस पाच-सहा तास झोपलेला निघतो. तो खोटं बोलत नसतो. हलक्या झोपेत मधूनमधून येणारी जाग तेवढी आठवते, मधली झोप आठवत नाही.

पायरी 3: उठायची वेळ बांधा आणि ऊन योग्य वेळी घ्या

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. रात्र कशीही गेली तरी रोज एकाच वेळी उठायचं, रविवारीही आणि लग्नाहून रात्री उशिरा आलो तरीही.

उन्हाचं मात्र सगळ्यांना सारखं लागू नाही. ज्यांना रात्री बारा-एकपर्यंत झोपच लागत नाही त्यांनी सकाळी उठल्यावर अर्धा तास बाहेर, ओट्यावर किंवा शेताच्या वाटेवर घालवावा. सकाळच्या उजेडानं घड्याळ अलीकडे येतं आणि रात्री लवकर झोप येते. ज्यांना आठलाच पेंग येते आणि तीनला जाग येते त्यांनी उलट करायचं: उजाडता उजाडता फिरायला न जाता संध्याकाळच्या उन्हात जावं आणि दिवेलागणीनंतर अंधारात टीव्हीसमोर बसण्यापेक्षा चांगल्या उजेडाच्या खोलीत, माणसांत बसावं. पहाटे फिरणं सगळ्यांनाच चांगलं असं समजून आपण प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला पाचला बाहेर काढतो. पहाटे लवकर जाग येण्याचा त्रास असणाऱ्याला त्यानं फायदा होत नाही.

भुसावळला रेल्वेत, वरणगावच्या आयुध निर्माणीत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात आयुष्यभर पाळ्या केलेल्यांना ही पायरी जास्त अवघड जाते. शरीराला ठरलेली वेळच कधी मिळालेली नसते आणि निवृत्तीनंतर ती आपोआप लागत नाही. त्यांनी धीर धरून महिना-दीड महिना उठायची वेळ पाळावी.

शेतकऱ्यांची अडचण आणखी वेगळी. लाईट रात्रीची असली की केळीला, कपाशीला पाणी द्यायला उठावंच लागतं. सत्तरीच्या माणसानं ती पाळी लेकाकडं द्यावी हे उत्तम, मोटारीला आपोआप चालू करणारा ऑटो स्विच बसवला तर निम्मी धावपळ वाचते. जावंच लागलं तर परत आल्यावर सकाळी अंधार करून दोन-तीन तास झोपा, मग उठा आणि त्या रात्री नेहमीच्या वेळीच आडवे व्हा. अशा रात्री नोंदीत खूण करून वेगळ्या ठेवा, सरासरीत धरू नका.

पायरी 4: अंथरुणातला वेळ आवळा

झोपेची ओढ दिवसभर जागं राहून साचते. भुकेसारखंच आहे ते: मधे मधे तोंड चाळवत राहिलं तर जेवणाच्या वेळी भूक नसते. दिवसातून दहा तास अंथरुणात घालवणाऱ्याची सहा तासांची झोप त्या दहा तासांवर पातळ पसरते आणि जागोजागी फाटते. तीच झोप साडेसहा तासांत बसवली तर ती दाट होते, सलग लागते.

नोंदीवरून हिशोब करा. समजा आजोबा नऊला पडतात, सहाला उठतात आणि प्रत्यक्षात झोपतात सरासरी सहा तास. म्हणजे नऊ तासांपैकी तीन तास नुसते पडून जातात. सहा तासांत अर्धा तास मिळवा, साडेसहा झाले. उठायची वेळ साडेपाच ठरली तर अंथरुणावर जायची वेळ रात्री अकरा.

एकदम नऊवरून अकरावर जायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही, दुसऱ्या दिवशी गरगरतं. पहिला आठवडा साडेनऊ, दुसरा दहा, तिसरा साडेदहा, असं सरकवा. मधेच झोप सलग लागू लागली तर तिथंच थांबा, पुढं जायची गरज नाही. झोप कितीही कमी भरली तरी अंथरुणातला वेळ साडेपाच-सहा तासांच्या खाली आणू नका. पुढं बहुतेक रात्री पडल्या वेळातला 85 टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, म्हणजे सात तासांपैकी साधारण सहा, की पंधरा मिनिटं अलीकडे या. आठवडाभर बघा, जमलं तर आणखी पंधरा.

पहिले दोन आठवडे दिवसा सुस्ती वाटेल. या दिवसांत मोटरसायकल आणि ट्रॅक्टर दुसऱ्याला चालवू द्या. ज्यांना फिट येते, ज्यांचा मानसिक आजाराचा औषधोपचार चालू आहे, जे वारंवार तोल जाऊन पडतात किंवा ज्यांचा घोरताना श्वास अडकतो, त्यांनी ही पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

जेवणानंतर अकरापर्यंत करायचं काय, हा प्रश्न खरा आहे, कारण साडेआठनंतर गाव सामसूम होतं. हरिपाठ, शेजारच्या ओट्यावर बसणं, नातवंडांचा अभ्यास, भाजी निवडून ठेवणं, काहीही चालेल, फक्त डुलकी नको. टीव्हीसमोरच्या खुर्चीत काढलेली वीस मिनिटांची डुलकी रात्रीची ओढ घालवते. घरच्यांनी इथं मदत करायला हवी. "जिजी, झोपा आता" म्हणून नऊला दिवा मालवणं हे प्रेमापोटीच होतं, पण जिजीचे पुढचे दोन तास अंधारात जातात.

निद्रानाशावर जगभर जे बोलून-शिकवून करायचे उपचार आहेत त्यांत ही आणि पुढची पायरी मध्यभागी आहेत. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं 2016 मध्ये गोळीच्या आधी हेच उपचार करावेत अशी शिफारस केली.

पायरी 5: झोप येत नसेल तर अंथरूण सोडा

पडून वीसेक मिनिटं झाली असं वाटलं आणि जीव तळमळू लागला की उठून बसा. मंद उजेडात खुर्चीवर बसून कंटाळवाणं काहीतरी करा. वाती वळणं यासाठी फार चांगलं काम आहे, कापूस आपल्याकडं घरातच असतो. जपमाळ चालेल. मोबाइल, बातम्या, पैशाचा हिशोब नको. डोळे जड झाले की परत जा. रात्रीतून तीनदा करावं लागलं तर तीनदा करा. अंथरूण दिसलं की झोप यावी, जागरण आठवू नये, यासाठी हे आहे.

आपल्या घरांत याला एक अडचण असते: दिवसभर तीच खाट बसायची, जेवायची, पाहुण्यांची. जमेल तसं वेगळं करा. दिवसा गादी-वाकळ घडी घालून बाजूला ठेवली, बसायला खुर्ची किंवा दुसरी बाज धरली, तरी फरक पडतो.

उठताना घाई नको. मिनिटभर कडेला बसून मग उभं राहा. रात्रभर छोटा दिवा चालू ठेवा, उशाला बॅटरी ठेवा आणि अंधारात अंगणात, गोठ्यात जाऊ नका.

पायरी 6: चहा, तंबाखू, ताट

चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहाला घेतलेल्या कपातलं अर्धं कॅफीन अकरालाही अंगात असतं. दुपारी तीननंतर चहा बंद. काळ्या चहातही कॅफीन असतंच. पाहुण्यांसोबत कप हातात धरायचाच असेल तर चहापत्ती न टाकता गवती चहा उकळा. तंबाखू आणि मशेरी याही जागं ठेवणाऱ्या गोष्टी आहेत. बऱ्याच आजीबाई रात्री मशेरी लावूनच झोपतात, ती निदान संध्याकाळपूर्वी आटपावी. दारूनं डोळा लवकर लागतो हे खरं, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटत राहते. महूची असो की दुकानातली, फरक नाही.

शेवभाजी, तेलाची तर्री आलेलं भरीत, कळण्याची भाकरी हे सोडा असं मी म्हणणार नाही. दुपारी खा. रात्री हलकं खा आणि जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरका. आडवं झाल्यावर छातीत जळजळत असेल तर खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली अर्धा फूट उंचीच्या विटा पक्क्या बसवा. नुसत्या दोन उशा घेऊन उपयोग होत नाही, मान तेवढी दुखते.

दुपारची झोप तीनच्या आत, वीस-तीस मिनिटं. गजर लावून झोपा.

पायरी 7: उन्हाळ्याची सोय

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा 45 पर्यंत जातो, स्लॅबची घरं मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहतात आणि शरीराला ते जमत नाही. या महिन्यांत वरचे नियम थोडे सैल करा. दुपारची झोप तासाभराची झाली तरी चालेल, रात्री झोपायची वेळ घर निवल्यावरची धरा.

झोपण्याआधी तास-दीड तास कोमट पाण्यानं अंघोळ करा. कोमट पाण्यानं कातडीकडं रक्त वाढतं आणि आतली उष्णता बाहेर पडते, म्हणून बर्फासारखं पाणी नको. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. गच्चीवर किंवा धाब्यावर झोपायची आपली रीत चांगली आहे, पण कठडा नसलेला जिना रात्री लघवीला उतरताना धोक्याचा. अशा माणसाची खाट अंगणात टाका, मच्छरदाणीसकट.

पायरी 8: रात्रीची लघवी

रात्री चार-चारदा उठावं लागत असेल तर बऱ्याचदा दुखणं झोपेचं नसतंच. पुरुषांत प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) वाढ, बायकांत लघवीचा संसर्ग, दोघांत साखर, आणि पायांवरची सूज ही कारणं तपासून घ्यावीत. दिवसभर पाय लोंबकळत बसल्यावर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच ठेवले तर ते काम झोपेआधीच उरकतं. रक्तदाबाची पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी संध्याकाळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

पाणी तोडायचं नाही, खान्देशच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. दिवसभर भरपूर प्या, सातनंतर फक्त घोटभर. संडास अंगणापलीकडं असेल तर खाटेजवळ भांडं ठेवायला लाजू नका. ओल्या फरशीवर पडून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा ते हजारपट बरं.

पायरी 9: गोळीबद्दल

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या गोळ्या उतारवयात शक्यतो टाळाव्यात, असं वृद्धांच्या औषधांविषयीची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. त्यांनी तोल जातो, पडून हाड मोडतं, विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो. थोड्याच दिवसांत शरीराला सवय लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकायला मनाई आहे. शेजारणीच्या डबीतली "अर्धी घेऊन बघ" ही माया महागात पडते. सर्दीच्या गोळीनं गुंगी येते म्हणून ती रोज घेणारेही आहेत. तिनं प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते.

जे वर्षानुवर्षं गोळी घेताहेत त्यांनी हे वाचून ती आज रात्री बंद करू नये. अचानक सोडल्यास फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवडे-महिने लावून, थोडी थोडी कमी करतात.

दुधात जायफळ घालायची पद्धत आहे. घालायचं असेल तर चिमूटभरच, जास्त जायफळ विषारी असतं.

पायरी 10: डॉक्टरांकडं कधी आणि काय घेऊन

मोठ्यानं घोरणं आणि मधेच श्वास थांबून गुदमरून उठणं ही झोपेतल्या श्वासरोधाची खूण आहे. त्यानं रक्तदाब वाढतो आणि त्यावर उपचार आहे. संध्याकाळी पायात किडे चालल्यासारखं होऊन पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल तर रक्तातलं लोह तपासा. स्वप्नात ओरडून, लाथा मारून शेजारच्याला इजा होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. सपाट झोपलं की दम लागत असेल, किंवा कालपर्यंत ठीक असलेलं माणूस रात्री अचानक असंबद्ध बोलू लागलं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

पहाटे लवकर जाग, कशातच मन न लागणं, जेवण कमी होणं हे एकत्र दिसलं तर ते बहुधा नैराश्य असतं. जोडीदार गेल्यावर आणि मुलं पुणे-सुरतला गेल्यावर घरात एकट्या उरलेल्यांत हे मी फार बघते आणि आपण ते "झोप येत नाही" या एका वाक्याखाली झाकतो. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच रात्री फोन करा आणि त्या माणसाला एकटं ठेवू नका. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी 14567 ही मदतवाहिनी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं तपासणी होते.

जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून आपणहून आणलेल्याही. दम्याच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, जास्त झालेली थायरॉइडची मात्रा, यांपैकी काहीतरी कधी कधी झोप मोडत असतं आणि नुसती वेळ बदलून किंवा मात्रा कमी करून ते सुटतं. रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसालाही सोबत न्या. घोरणं आणि श्वास थांबणं त्यालाच ठाऊक असतं.